ओठांखालची ओळ

१२ ऑगस्ट, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे

मावशी, नमस्कार.

हेडफोनच्या तुटक्या तारेला चिकटपट्टी गुंडाळत बसलो होतो, तेवढ्यात घरमालकिणीने दाराखालून तुझं पत्र आत सरकवलं. पट्टी तशीच लोंबकळत ठेवून आधी ते वाचलं. फोन दिवसभर बिट्टीच्या हातात असतो, तुझे सगळे मेसेज ती वाचते, म्हणून तिच्याविषयी काही लिहायचं तर कागदच बरा, हे तुझं म्हणणं पटलं. मलाही कागद आवडतो. खाडाखोड झाली तर नवा घेता येतो. हा तिसरा आहे.

मी नक्की काम काय करतो, असं तू विचारलंस. बिट्टीचा गणिताचा वर्ग फोनवर चालतो ना, तो इथून निघतो. दोन खोल्या आहेत. एकीत सर फळ्यासमोर बोलतात, दुसरीत मी कानाला हेडफोन लावून बसतो. भिंतींना स्पंज चिकटवलाय आणि आवाज नको म्हणून पंखा बंद, त्यामुळे वर्ग संपेपर्यंत मी पिळून काढावा असा होतो. सर जे बोलतात ते मी टाइप करतो आणि त्यांच्या चित्राखाली ती ओळ उमटते. वर्गात बहुतेक मुलं ऐकणारी आहेत. बिट्टी धरून तिघांना ऐकू येत नाही, ती ओळ वाचतात. एका मुलाला दिसत नाही. त्याच्यासाठी सरांनी फळ्यावर काही लिहिलं की तोंडानेही म्हणायचं असतं. सुरुवातीला ते विसरायचे आणि तो मुलगा शांतपणे म्हणायचा, सर, तुमचा खडू वाजतोय, पण तुम्ही वाजत नाही.

सर आधी खिडकीकडे पाठ करून बसायचे. चेहरा काळा दिसायचा. मीच टेबल फिरवून घेतलं आणि दिवा समोरून लावला, म्हणजे बिट्टीला त्यांचे ओठ नीट दिसावेत. मिशाही थोड्या कापून घ्या म्हणालो. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी कापून आले.

इथे मला नेमलं ते बाईंनी. हा सगळा कारभार त्याच पाहतात. पहिल्या दिवशी त्यांनी एकच सांगितलं, जे ऐकू येईल ते लिही, कमी नको आणि जास्त नको. ज्यांना नीट लिहिता येत नाही त्यांच्यासाठी तो नियम असावा. सर बोलतात ते फार गबाळं असतं, मावशी. वाक्य सुरू एकीकडे होतं, संपतं भलतीकडे. मी ते सरळ करून लिहितो. नववीत शाळा सुटलेल्या माणसाने शिकलेल्या माणसाची वाक्यं दुरुस्त करायची म्हणजे गंमतच आहे, पण अजून एकही वेलांटी चुकलेली नाही.

तुझा भाचा

*

२१ ऑगस्ट

पंतोजी,

तुझं पत्र मिळालं. सोबत माझं मागचं पत्र लाल पेनाने तपासून परत पाठवलंस तेही मिळालं. अठरा चुका. आता हे पत्र पाठवू का नको असा विचार करत बसले होते. माझ्या चुका माझ्यापाशी राहू देत रे बाबा, मी काही परीक्षेला बसले नाही.

दुकान बरं चाललंय. शाळा उघडल्या की दप्तरांच्या चेनी तुटायला लागतात. काल एक बाई बॅग घेऊन आली, म्हणाली चेन बसत नाही. उघडून बघितलं तर बॅगेत दोन बॅगांचं सामान. चेन काय करणार बिचारी.

बिट्टी खुशीत आहे. दादा लिहितो म्हणजे चूक असायचीच नाही, असं शेजारणीला सुद्धा हातवारे करून सांगून आली. आमचा आरशातला अभ्यास रोज चालू आहे. दुकान बंद केल्यावर मी आवाज न काढता बोलते, ती ओठ बघून सांगते. परवा मी गिऱ्हाइकाला मनातल्या मनात शिवी दिली तर तीही तिने ओळखली.

ऑक्टोबरच्या दहाला मोठ्या शाळेत भेट आहे. तिथे सगळी मुलं वर्गात समोरासमोर शिकतात. मुख्याध्यापिका तिच्याशी एकटीशी बोलणार, मी बाहेर थांबायचं. खाली ओळबिळ काही नसणार. तेवढं जमलं तर घेतील. चार वर्षं मी आरशासमोर तोंड वेंगाडतेय ती याच्यासाठी.

एक विचारायचं राहिलं. बिट्टी म्हणते, सरांचं तोंड खूप वेळ हलतं आणि दादाची ओळ एवढीशीच येते. आणि कधीकधी सगळ्या मुलांचे खांदे हलतात, ती हसत असतात, पण ओळीत हसण्यासारखं काही नसतं. सर शब्द चावून खातात का काय?

मावशी

(लाल पेन लपवून ठेव.)

*

२९ ऑगस्ट, दुपारी सव्वादोन, डबा खाऊन झाल्यावर

मावशी, नमस्कार.

बिट्टीचं निरीक्षण बरोबर आहे. सर प्रत्येक वाक्याआधी ‘म्हणजे काय की’ म्हणतात, तेवढं मी गाळतो. विनोदही गाळतो. ते गणिताचे नसतात, सरांच्या सासऱ्यांच्या स्कूटरचे असतात. तिचं नुकसान काही नाही. सर रोज संध्याकाळी माझ्या ओळी वाचून काढतात. परवा म्हणाले, तुझ्या लिहिण्यात मी माझ्यापेक्षा बरा माणूस वाटतो. मला एवढं बरं वाटलं की घरी चालत आलो.

आनंदाची बातमी म्हणजे बिट्टी काल वर्गात बोलली. पहिल्यांदाच माइक सुरू केला. नळ आणि टाकीचं गणित होतं. एक नळ टाकी तीस मिनिटांत भरतो, दुसरा पंचेचाळीस, मग दोन्ही सोडले तर किती वेळ. तिने अठरा मिनिटे असं उत्तर दिलं. बरोबर आहे. सरांनी तिला धन्यवाद दिले. ओळी नोंदवून ठेवलेल्या असतात, तू फोनवर पाहू शकतेस. तिला माझ्याकडून शाबासकी दे.

आज जास्त लिहीत नाही. हात जरा दुखतोय.

तुझा भाचा

*

१३ सप्टेंबर

पंतोजी,

हे बिट्टी झोपल्यावर लिहितेय, चुका असतील.

तुझं पत्र आलं तेव्हा मी किती नाचले. रंगीत पेन्सिलींचा डबा आणला, तिच्या पुढ्यात ठेवला, शाबास म्हटलं. तिने डबा उचलून भिंतीवर मारला. अजून पेन्सिली सापडताहेत, आज एक मशीनखाली मिळाली.

मग चार दिवसांनी बोलली. म्हणजे हाताने. म्हणाली, सर मला काहीतरी वाईट म्हणाले. मी म्हटलं, कधी? म्हणाली, मी बोलले त्या दिवशी. सगळ्यांचे खांदे हलले. मी फोन काढला, तुझी ओळ शोधली, बोट ठेवून दाखवलं, बघ, धन्यवाद म्हणालेत. तर मला हाताला धरून आरशापाशी घेऊन गेली. स्वतः धन्यवाद म्हणून दाखवलं, पाच-सहा वेळा. ओठ एकदाही मिटत नाहीत, बघ. सरांचे मिटले होते. पुन्हा पुन्हा मिटले होते. आणि तिने ते करून दाखवलं, मिट, उघड, मिट, उघड.

मी काय म्हणाले सांगू? म्हणाले, तुझी बघण्यात चूक झाली असेल. दादाने लिहिलंय ते. दादा कानामात्रा चुकत नाही तो आख्खा शब्द चुकेल?

तेव्हापासून ती ओठ बघत नाही. माझेसुद्धा. मी बोलायला लागले की मान खाली घालते आणि वही पुढे करते. लिही म्हणते. भाजी काय करू हे पण लिही. आरशावर तिने टॉवेल टाकलाय. विचारलं तर वहीत लिहून दिलं, ‘माझे डोळे चुकीचं वाचतात.’

दहा तारखेला मुख्याध्यापिका काय वहीत लिहीत बसणार आहे?

तू तिथे आहेस म्हणून विचारते. चित्र मागे पडतं का रे? म्हणजे तोंड आधीचं आणि शब्द नंतरचे, असं काही होतं का? काही तरी असेल. नीट बघून कळव.

मावशी

*

१८ सप्टेंबर, सकाळी साडेसात, कामावर निघताना

मावशी, नमस्कार.

पत्र मिळालं. हो, चित्र मागे पडू शकतं. माझी ओळही बोलण्यानंतर चार-पाच सेकंदांनी येते, त्यामुळे ओठ आणि ओळ यांची जोडी जमत नाही. राउटर खिडकीजवळ ठेवून पाहा. फोनमधल्या बाकीच्या गोष्टी बंद ठेवा. वर्गाच्या वेळी तुझं शिवण्याचं मशीन त्याच प्लगवर नको.

बिट्टीला म्हणावं काळजी करू नकोस.

घाईत आहे.

तुझा भाचा

*

२६ सप्टेंबर

तुझं पत्र वाचून राउटर खिडकीत ठेवला. मशीनचा प्लग काढला. मशीन बंद म्हणजे दुकान बंद, मग मला काही काम उरलं नाही, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा बिट्टीच्या शेजारी बसून आख्खा वर्ग बघितला.

एरवी मी दुकानात असते, मशीनच्या खडखडाटात शब्द कळत नाहीत, आणि ओळही वाचत नाही. ती वाचते, ऐकत नाही. काल मी दोन्ही केलं.

सर म्हणाले, थांबा रे, माझ्या चहात माशी पडली, पोहतेय बघा कशी, हिला कोणी शिकवलं. आख्खा वर्ग हसला. मीही हसले. बिट्टीने माझ्याकडे पाहिलं. खाली ओळ होती, ‘आता पुढील उदाहरण पाहू.’ एका मुलाला सर म्हणाले, डोकं घरी ठेवून आलास का, तर म्हणाला, सर, मी घरीच आहे. ते पण नाही. ‘पुन्हा प्रयत्न कर.’ एवढंच. सगळा तास असंच. सर वेगळे आणि तुझे सर वेगळे. तू त्यांना सुटाबुटात बसवलंस.

चित्र मागे पडत नाही. मी बघितलं. ओठ जिथल्या तिथे हलतात.

मी तिला खोटं पाडलं. आरशासमोर उभी राहून ती मला दाखवत होती आणि मी फोनवर बोट ठेवत होते. तुझ्या भरवशावर. आणि तुला हे तेव्हाच माहीत होतं. मला राउटर हलवायला लावलास.

मी तिला अजून काही बोलले नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे? त्या दिवशी सर काय म्हणाले ते मला माहीत नाही. ते तुला माहीत आहे. ते तू लिहायचंस, आणि मला नाही, तिला.

भेट दहाला आहे.

*

३० सप्टेंबर, रात्रीचे साडेनऊ

बिट्टी,

हे पत्र तुझ्या नावाने आहे. आई आधी वाचणार नाही.

२८ ऑगस्टला तू बोलून झाल्यावर सर म्हणाले: “बाप रे. पुढे चला. हिचं काही आपल्याला समजायचं नाही.”

मुलं हसली. मी लिहिलं, ‘धन्यवाद.’

आज वर्गाचं साठवलेलं रेकॉर्डिंग उघडलं. तुझं उत्तर संपतं तिथपासून, आवाज बंद करून, नुसते ओठ पाहिले. बाप रे मध्ये दोनदा मिटतात. पुढे मध्ये एकदा. आपल्याला मध्ये एकदा. समजायचं मध्ये एकदा. धन्यवाद म्हणताना मिटत नाहीत, हे मी माझ्या खोलीतल्या आरशात पाहिलं. तुझे डोळे बरोबर होते. माझं लिहिणं खोटं होतं.

तुला वाईट वाटू नये म्हणून केलं, असं मी स्वतःला त्या दिवशी सांगितलं. ते अर्धंच आहे. मला ते वाक्य माझ्या हाताने लिहायचं नव्हतं. स्वच्छ पानावर डाग पडल्यासारखं वाटलं असतं. आणि आईचं पत्र आलं तेव्हा मला सगळं कळलं होतं. तरी मी राउटरबद्दल लिहिलं. ते पत्र लिहिताना मी एका शब्दाची वेलांटी नीट आहे का ते कोशात पाहिलं होतं. ते आठवलं की मान वर होत नाही.

काल बाईंना सांगितलं. मला वाटलं काढून टाकतील. त्यांनी विचारलं, पहिल्या दिवसापासून? मी हो म्हणालो. त्यांनी जुन्या ओळी उघडून पाहिल्या. मग म्हणाल्या, त्या तीन मुलांनी जो वर्ग पाहिला तो आपण घेतलाच नाही. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

सरांना रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी विचारलं, “हे मी म्हणालो?” पुन्हा लावायला सांगितलं. ते रोज माझ्या ओळी वाचायचे ना, त्यांना खरंच वाटत होतं की आपण तुला धन्यवाद दिले. ते तुझी माफी वर्गासमोर मागणार आहेत. मी त्यांना म्हणालो, चेहरा दिव्याकडे ठेवून मागा.

आजपासून मी सगळं लिहितो. म्हणजे काय की, स्कूटर, माशी, खोकला, सगळं. पान फार घाण दिसतं. तू वाचत राहा.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशीचं तुझं उत्तर मात्र बरोबर होतं. तेवढं तरी खरं आहे.

दादा

*

१२ ऑक्टोबर

दादा,

पत्र वाचलं. आईला दिलं नाही, पण सरांचं वाक्य आरशासमोर आवाज न काढता म्हणून दाखवलं. तिने ओळखलं. मग ती दुकानात गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिने आरशावरचा टॉवेल काढून धुवायला टाकला.

मी बाप रे ओळखलं होतं. आपल्याला पण ओळखलं होतं. समजायचं मला जमायचं वाटलं होतं. दिसायला सारखंच असतं. बाकी बरोबर.

परवा भेट झाली. मुख्याध्यापिका पटपट बोलतात आणि मध्येच कागद बघतात, तेव्हा त्यांचं तोंड दिसत नाही. अर्धं मला कळलं. अर्धं कळलं नाही तेव्हा मी म्हणाले, पुन्हा सांगा. त्यांनाही माझं अर्धंच कळलं असावं, कारण त्याही दोनदा म्हणाल्या, पुन्हा सांग. आम्ही दोघी पुन्हा पुन्हा करत बसलो. दहा मिनिटांची भेट अर्धा तास चालली. घेतात का नाही ते पंधरा दिवसांनी कळवणार आहेत. आई रोज पोस्टमनला विचारते. आज त्याने दुकानासमोरून जायचा रस्ताच बदलला.

सरांनी माफी मागितली. ओठ आणि ओळ मी दोन्ही पाहिलं. सारखं होतं. आता मी आधी ओठ पाहते, मग तुझी ओळ येईपर्यंत थांबते, मग ताडून बघते. आई म्हणते, असं सारखं तपासू नये, दादाला वाईट वाटेल. मी तपासणार. माशी आणि स्कूटर चांगले आहेत. काल मी सगळ्यांबरोबर हसले, चार सेकंद उशिरा.

आता जे तू लिहिलं नाहीस ते. मला वाटलं होतं तू पत्रात लिहिशील. शेवटपर्यंत वाट पाहिली. तू लिहिलंस की माझं उत्तर बरोबर होतं.

मी उत्तर दिलंच नव्हतं. मी माइक सुरू केला आणि म्हणाले, “सर, मला हे समजलं नाही. पुन्हा सांगा.” आदल्या दिवशी आईसमोर चार वेळा म्हणून पाहिलं होतं. आईला कळत होतं, कशासाठी ते मी सांगितलं नव्हतं. मग सर ते बोलले आणि सगळे हसले. सर काय म्हणाले ते मला पूर्ण कळलं नव्हतं, पण मी खाली पाहिलं तेव्हा माझ्या नावापुढे लिहिलं होतं, ‘अठरा मिनिटे.’

मला सरांपेक्षा त्याचं जास्त वाटलं. सरांना माझं बोलणं कळत नाही, हे सर खरं बोलले. तुलाही कळलं नव्हतं, पण तू तसं लिहिलं नाहीस. तू बरोबर उत्तर लिहिलंस. मग आईने शाबासकी दिली आणि पेन्सिली आणल्या. सगळ्यांना वाटलं मला येतं. त्यामुळे मला पुन्हा विचारताच आलं नाही. सरांच्या ओठांचं मी आईला सांगितलं, हे सांगितलं नाही, कारण हे सांगायला गेले असते तर माझ्या नावापुढे पुन्हा काहीतरी वेगळंच आलं असतं असं वाटलं.

मी बोलेन तेव्हा तुला नाही कळलं तर ‘कळलं नाही’ असं लिही. मी पुन्हा बोलेन. मला त्याचा कंटाळा येत नाही.

ते नळ आणि टाकीचं गणित मला अजून येत नाही. उद्याच्या वर्गात सरांना सांग. माझ्या नावाने सांग आणि मी म्हणाले होते तसंच सांग.

बिट्टी